न जेवणारा पाहुणा

बाप्तिस्म्याच्या किंवा लग्नाच्या दाखल्यासाठी आमच्या धर्मग्रामाच्या कचेरीत येणाऱ्या माणसाची नजर पूर्वी समोरच्या घड्याळाकडे जात असे. ऑक्टोबर २०२२ पासून ती दाराशेजारच्या काचेच्या टाकीकडे जाऊ लागली आणि दाखल्याला उशीर झाल्याची कुरकुर एकदम कमी झाली. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी ही टाकी. आत सुमारे अडीचशे लिटर खारे पाणी, सच्छिद्र दगडांची एक ओबडधोबड रास आणि चार मासे. टाकी आमची नव्हे. आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाची ती ठेव आहे. हा तरुण मालवाहू जहाजावर नोकरीला असतो. वडील पूर्वीच गेलेले, आई आदल्या वर्षी वारली. तो जहाजावर चढला की घराला कुलूप. वाडीतल्या झाडांना पाणी घालावयास शेजारी तयार होते, पण खाऱ्या पाण्यातल्या माशांची जबाबदारी घ्यावयास कोणी पुढे येईना. तेव्हा एका संध्याकाळी तो आमच्यासमोर येऊन बसला आणि म्हणाला, "फादर, नऊ महिन्यांचा प्रश्न आहे."

आम्ही होकार दिला. तो देताना आमच्या गाठीशी कोणता अनुभव होता म्हणाल, तर लहानपणी घरामागच्या बावखलात गळ टाकून धरलेले मरळ, आणि शाळेच्या सहलीबरोबर पाहिलेले मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय. १९५१ साली उघडलेल्या त्या इमारतीतल्या हिरवट उजेडात एका काचेला नाक लावून आम्ही इतका वेळ उभे राहिलो होतो की गुरुजींना परत येऊन आमचा कान धरावा लागला. तेवढ्या भांडवलावर आम्ही समुद्राचा एक तुकडा सांभाळावयास घेतला.

मुलगा मोठा व्यवस्थित. जाण्यापूर्वी त्याने एका वहीत सर्व लिहून दिले. पाणी समुद्रावरून आणावयाचे नाही, कारण आपल्या किनाऱ्याचे पाणी गढूळ, पावसाळ्यात खारेपणाही घटतो. शुद्ध केलेल्या पाण्यात लिटरला सुमारे पस्तीस ग्रॅम या प्रमाणात तयार समुद्री मीठ मिसळावयाचे. आयुष्यभर मिठागरे पाहत आलेल्या आम्हांला मीठ विकत आणून समुद्र करावा लागतो याची गंमत वाटली; पण घरच्या मिठात मासा जगत नाही, त्याला मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि इतर क्षार योग्य प्रमाणात लागतात. बाष्पीभवनाने कमी झालेले पाणी मात्र गोड्या पाण्याने भरावयाचे, कारण वाफ होऊन पाणी जाते, मीठ आतच राहते. हे सारे आम्ही चार दिवसांत शिकलो. त्यात कठीण असे काही नव्हते.

कठीण होता तो चौथा मासा. दोन विदूषक मासे आणि एक निळा डॅमसेल हे तिघे पूर्वीपासूनचे रहिवासी. विदूषक मासे आपल्याच देशात पैदास केलेले. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचे तंत्र विकसित केले आहे. पिल्लू असल्यापासून माणसाच्या हातचे खात वाढलेला मासा डबीचे झाकण वाजले तरी वर येतो. चौथा मासा या शाळेतला नव्हता. दसऱ्याच्या दिवशी मुलाने तो मुंबईच्या बाजारातून आणला आणि त्यानंतर चौथ्या दिवशी मुलगा बोटीवर रुजू व्हावयास विमानाने सिंगापूरला गेला. या माशाला धंद्यात 'कॉपरबँड बटरफ्लाय' म्हणतात. ताटलीसारखे चपटे, चांदीच्या रंगाचे अंग, त्यावर तांबूस नारिंगी उभे पट्टे, पाठीवर मागच्या बाजूस एक काळा ठिपका, जणू दुसरा डोळाच, आणि पुढे चिमट्यासारखे लांब तोंड. अंदमानच्या समुद्रापासून जपानच्या दक्षिणेकडील बेटांपर्यंत आणि खाली ऑस्ट्रेलियापर्यंत प्रवाळखडकांत त्याचे घर. मुलाने तो आणला तो केवळ शोभेसाठी नव्हे. टाकीतल्या दगडांवर ऐप्टेशिया नावाच्या उपद्रवी समुद्रफुलांचे रान माजले होते आणि हा मासा ती खातो अशी ख्याती. वहीत त्याच्या नावापुढे एवढेच होते: "गोठवलेले मायसिस. खात नसेल तर धीर धरा."

तो खात नव्हता.

सकाळची मिस्सा आटोपून आम्ही टाकीशी येत असू. मायसिस म्हणजे कोळंबीच्या जातीचा बारीक जीव, त्याच्या गोठवलेल्या वड्या मिळतात. वडी विरघळवून सोडली की डॅमसेल तीरासारखा यावयाचा, विदूषक यावयाचे. हा पाहुणा दगडामागून अर्धा बाहेर येई, एखादा कण त्याच्या तोंडासमोरून तरंगत जाई, तो त्याच्याकडे बघे, खरोखर बघे, आणि तोंड फिरवी. समुद्रफुलांकडेही त्याने लक्ष दिले नाही. अधूनमधून दगडावर एखादी चोच मारल्यासारखे करी, तेवढेच.

अज्ञानी माणूस अशा वेळी जे करतो ते आम्ही केले. एक अन्न नको तर दुसरे. बाजारातले दाणे आणले, शेवाळाचे पापड आणले, स्वयंपाकघरातला सुका जवळा भिजवून टाकला, करंदी बारीक चिरून टाकली. कोणीसे म्हणाले, लसणाच्या रसाने माशाची भूक चाळवते. तोही लावून पाहिला. दाखल्यासाठी येणारे लोक सल्ले देत. एका आजीबाईंनी पावाचा चुरा सुचवला. शाळकरी मुले काचेवर टकटक करून त्याला बोलावीत. चार दिवसांत पाणी दुधाळ झाले आणि सगळेच मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले. वहीतल्या सूचनेप्रमाणे नळीत पाणी घेऊन थेंब घातले, तर पिवळे राहावयाचे ते पाणी हिरवे झाले. म्हणजे अमोनिया. न खाल्लेले अन्न तळाशी कुजते, त्याचा अमोनिया होतो. टाकीतले जीवाणू त्याचे रूपांतर कमी विषारी क्षारांत करतात खरे, पण त्यांच्याही कामाला मर्यादा असते. उपाशी मासा आमच्या हातून भुकेने मरण्याआधी अन्नानेच मरावयास निघाला होता. त्या रात्री आम्ही आणि आमचा स्वयंपाकी मिळून साठ-सत्तर लिटर पाणी बादल्यांनी बदलले. तो बिचारा काही बोलला नाही, पण त्याच्या बादली ठेवण्याच्या आवाजात बरेच काही होते.

हे झाले दहाव्या दिवशी. त्याच रात्री जहाजावरून त्या मुलाचा फोन आला.

"फादर, पाहुण्याने खाल्लं का?"

"हो, खाल्लं थोडं," आम्ही म्हणालो.

का म्हणालो, याचा विचार आम्ही नंतर पुष्कळ केला. मुलगा हजारो मैल दूर होता. आई गेल्यानंतर घरात बोलावयास त्याला या टाकीखेरीज कोणी नव्हते, हे त्याने कधी सांगितले नसले तरी आम्हांला ठाऊक होते. त्याची झोप उडवून काय साधणार होते? असे सगळे युक्तिवाद आम्ही स्वतःशी केले. त्यांत एक युक्तिवाद केला नाही तो असा की, आम्हांला हरल्याचे कबूल करावयाचे नव्हते. दुसऱ्याला तोंडावर खरे बोलावयास शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने एका माशाच्या जेवणावरून खोटे बोलावे, ही गोष्ट छोटी की मोठी, ते वाचकांनीच ठरवावे. पण खोट्याचा स्वभाव असा की ते एकटे राहत नाही. "काय खाल्लं?" त्याने विचारले. "करंदी," आम्ही म्हणालो. "करंदी? इतक्यात?" पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, "एक फोटो पाठवाल?" आम्ही पाठवला. त्यावर त्याने हात जोडल्याचे चिन्ह पाठवले, आणि आम्ही निःश्वास टाकला.

त्यानंतर आम्ही खरोखर अभ्यासास बसलो. रात्री झोप येत नसे. जे हाती लागेल ते वाचीत असू. पहिली गोष्ट कळली ती ही की असा मासा अन्न नाकारीत नसतो. त्याच्या लेखी ते अन्नच नसते. प्रवाळखडकात तो दिवसभर फटींतून हिंडतो, लांब तोंड भोकात घालून जिवंत किडे, बारीक कवचधारी जीव ओढून काढतो. तेथे अन्न हलते, लपते, एका जागी चिकटलेले असते. वरून बर्फासारखे कोसळणारे मेलेले कण हे अन्न असू शकते, हे त्याला कोणी शिकवलेले नाही. त्यातून तो आलेला असतो जाळ्यातून, प्लॅस्टिकच्या पिशवीतून, दोन-तीन व्यापाऱ्यांच्या टाक्यांतून. प्रत्येक ठिकाणचे पाणी निराळे, उजेड निराळा. भूक हरपावयास एवढे पुरे होते. वर आमच्या टाकीत तो डॅमसेल होता, जो आपल्या हद्दीत आलेल्या कोणालाही टोचल्याशिवाय सोडीत नसे.

हे वाचताना आम्हांला आमचे स्वतःचे एक उपोषण आठवले. सोळाव्या वर्षी सेमिनरीत दाखल झालो तेव्हाचे. उपोषण म्हणण्यासारखे त्यात काही उदात्त नव्हते. ताटात रोज व्यवस्थित जेवण येई, आणि आमच्या घशाखाली उतरत नसे. डाळीचा वास निराळा, भाताचा दाणा निराळा, शंभर मुलांच्या चमच्यांचा आवाज निराळा. वरिष्ठांनी समजावले, थोडे रागावलेही. तिसऱ्या रात्री तेथल्या म्हाताऱ्या आचाऱ्याने आम्हांला मागच्या दाराशी बोलावून निखाऱ्यावर भाजलेला एक सुका बोंबील हातावर ठेवला. तो वास आला आणि आम्ही रडलो, आणि मग दोन ताटे भात जेवलो. त्या आचाऱ्याने आम्हांला काही समजावले नव्हते. असो.

पाहुण्याचा बोंबील कोणता, ते आम्हांला पाचूबंदरच्या एका कोळीण मावशींनी सांगितले. त्या मंगळवारी आणि शुक्रवारी टोपली घेऊन आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी येतात. आमच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळे पाहून त्यांनी चौकशी केली, कारण ऐकून हसल्या, आणि टोपली उतरवून थेट कचेरीत आल्या. कमरेवर हात ठेवून बराच वेळ काचेतून पाहत राहिल्या.

"फादर, त्याची चोच बघा की," त्या म्हणाल्या. "ही काय तरंगतं खायची चोच हाय? ही फटीत घालून ओढायची चोच. तुम्ही त्याला वरून भीक घालता. तिसरी उघडून ठेवा त्याच्यापुढं, जिती."

मग टोपलीतून चार तिसऱ्या काढून आमच्या हातावर ठेवल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "जावई हाय तुमचा. जावयाला वाढायचं नसतं, त्याच्या पुढ्यात ठेवून आपण आत जायचं असतं."

आम्ही पुढे पाहिले तो जाणकारांचाही सल्ला हाच होता. उघडलेली ताजी शिंपली या माशापुढे ठेवावी. मावशींनी तो कोठे वाचला नव्हता. चोच पाहून त्यांनी हिशेब केला होता.

आम्ही मात्र या वेळी घाई केली नाही. आधी भोके पाडलेली एक प्लॅस्टिकची पारदर्शक पेटी टाकीत बसवून डॅमसेलला तिच्यात कैद केले; पाहुण्याला पेटीत कोंडण्यापेक्षा गुंडाला कोंडणे न्यायाचे वाटले. टाकीच्या तीन बाजूंना सभागृहाचा जुना गडद पडदा लावला. दिवा दिवसातून थोडाच वेळ ठेवला. दगडांची रास अशी रचली की त्याला दोन ठिकाणी संपूर्ण लपता यावे. लपावयास जागा असली की मासा उलट जास्त बाहेर येतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. काचेवर चिठ्ठी डकवली: "टकटक करू नये. पाहुणा आजारी आहे." तिसरी सुरीने उघडून, तिची एक शिंप दगडाच्या फटीत अशी अडकवली की मांस बाहेर दिसावे. आणि मावशींनी सांगितल्याप्रमाणे आम्ही खरोखरच आत गेलो. पहिल्या दिवशी काही घडले नाही. दोन तासांनी शिंप काढून टाकली, कारण ठेवून दिली तर पुन्हा अमोनिया. दुसऱ्या दिवशी त्याने तिच्याभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या.

आणून सोळा दिवस झाले होते. गुरुवार. कचेरीत कोणी नव्हते. आम्ही पडद्याच्या कडेतून पाहत होतो. तो आला, शिंपेसमोर तिरका उभा राहिला, एक डोळा तिच्यावर रोखला. मग ते लांब तोंड पुढे केले आणि एक तंतू ओढला. थुंकला. पुन्हा ओढला. या वेळी थुंकला नाही. त्यानंतर तो जे टोचू लागला ते शिंप पांढरी स्वच्छ होईपर्यंत थांबला नाही. आम्ही स्वयंपाकघरात जाऊन स्वयंपाक्याला बातमी दिली. तो म्हणाला, "मग आता तुम्हीही जेवा." दुपारचे तीन वाजले होते, हे तोवर आमच्या ध्यानात आले नव्हते.

येथे गोष्ट संपावी असे वाटते, पण सुरुवातीचे अन्न आणि निर्वाहाचे अन्न एक नसते. हा धडा आम्ही आर्टेमियाकडून घेतला. आर्टेमिया हा मिठागरांत, खारट सरोवरांत राहणारा एक चिमुकला जीव. त्याची सुकी अंडी डबीत मिळतात. खाऱ्या पाण्यात टाकून हवा सोडीत राहिले की साधारण एका दिवसात नारिंगी धुळीसारखी जिवंत पिल्ले तयार. रुसलेला मासा पुष्कळदा या हलणाऱ्या धुळीमागे धावतो. पण त्या पिल्लात पोषण असते ते पोटातल्या बलकाचे. काही तासांत बलक संपतो आणि उरते ते बहुतांशी पाणी आणि कवच. केवळ त्यावर ठेवलेला मोठा मासा दिवसभर खात खात हळूहळू झिजतो. म्हणून खाऊ लागलेल्या माशाला पुढच्या इयत्तेत न्यावे लागते. आम्ही तेच केले. आठवडाभर नुसती तिसरी. मग तिसरीच्या मांसात बारीक चिरलेली करंदी मिसळून तीच शिंप भरली. मग रिकाम्या शिंपेत अर्धी करंदी, अर्धे मायसिस. नंतर नुसते मायसिस, पण शिंपेतच. शिंप ओळखीची, म्हणून आतले अनोळखी त्याने चालवून घेतले. नाताळच्या सुमारास तो पाण्यात तरंगणारे मायसिस धावत येऊन खाऊ लागला. दिवसातून तीनदा, थोडे थोडे. कारण एकदाच भरपेट खाण्याची या जातीला सवय नाही. त्या समुद्रफुलांनाही त्याने जानेवारीत हात घातला, अगदी कोणी न सांगता.

यशाने माणूस कसा बिघडतो ते आता सांगितले पाहिजे. मुलाने वहीच्या शेवटच्या पानावर अधोरेखित करून लिहिले होते: "नवीन काही आणू नये." नाताळनंतर आठवड्याभरात आम्ही मुंबईला एका कामासाठी गेलो असता परतताना एका दुकानात शिरलो आणि मँडरिन मासा घेऊन आलो. निळ्या, नारिंगी, हिरव्या वेलबुट्टीचा, बोटाएवढा. हा पश्चिम पॅसिफिकचा रहिवासी. दुकानदार म्हणाला, सगळे खातो. कॉपरबँडला जेवू घातलेल्या आम्हांला शंका घेण्याचे कारण वाटले नाही.

आणि खरोखर, त्याने पहिल्या दिवसापासून खाल्ले. दगडावरून सरपटत दिवसभर टोचत असे. आमचे टाकलेले खात नव्हता, पण खात तर होता. आम्ही निश्चिंत होतो. तो काय टोचत होता हे आम्ही विचारले नाही. दगडांच्या भोकांत कोपेपॉड नावाचे, डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव राहतात. मँडरिन सकाळपासून संध्याकाळपर्यंत तेच वेचतो. मोठ्या, जुन्या टाकीत त्यांची वीण त्याला पुरते; आमच्या एवढ्याशा टाकीत त्याने आणि कॉपरबँडने मिळून ते काही आठवड्यांत संपवले. त्यानंतरही तो टोचतच राहिला, रिकामा दगड. कॉपरबँडने तोंड फिरवले तेव्हा आम्ही रात्री जागलो. याने तोंड कधीच फिरवले नाही, म्हणून याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. मार्चच्या मध्यास, उपवासकाळ चालू असताना, एका सकाळी तो वाळूवर निपचित पडलेला दिसला. पोट पाठीला लागले होते. ओंजळीत घेतला तर वजन असे काही नव्हतेच.

तेव्हापासून आम्हांला दुकानातल्या टाक्या पाहवत नाहीत. कारण न जेवणाऱ्या माशाला जेवते कसे करावे याची विद्या शिकताना, तो जेवत का नाही याचे आणखी एक कारण आमच्या वाचनात आले होते, आणि आम्ही ते घाईघाईने ओलांडून पुढे गेलो होतो. फिलिपाइन्समध्ये १९६०च्या दशकापासून शोभेचे मासे पकडण्यासाठी सायनाइडचा वापर सुरू झाला. पाणबुड्या खडकाच्या फटीत लपलेल्या माशावर बाटलीतून विषारी द्रावण पिळतो, मासा गुंगतो, हाताने उचलता येतो. कायद्याने बंदी आली तरी त्या भागातून ही पद्धत पुरती गेली नाही. त्यात प्रवाळ मरते, आणि वाचलेल्या माशांपैकी कितीतरी पुढे वाटेत किंवा कोणाच्या तरी टाकीत मरतात. आपल्याकडे समुद्रघोडे आणि दगडी प्रवाळ यांना २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घालण्यात आले. पण परक्या समुद्रातून पिशवीत बंद होऊन आलेल्या माशाला त्याचा इतिहास कोण विचारतो? आमचा मँडरिन जाळ्यात सापडला की विषात, आम्हांला माहीत नाही. कॉपरबँडचेही माहीत नाही. एवढे मात्र माहीत आहे की त्याला आमच्या टाकीहून दुप्पट मोठी टाकी हवी, आणि त्याच्या बाबतीत आम्ही मिळवलेले यश म्हणजे ज्याला आणावयास नको होते त्याला जगवण्याचे यश आहे. म्हणून त्याचे मोल शून्य, असे म्हणवत नाही. आलेल्या पाहुण्याला उपाशी ठेवून तत्त्वचर्चा करता येत नाही. पण कोणी कौतुकाने विचारावयास आले की 'असा मासा कोठे मिळेल', तर आम्ही त्याला विदूषक मासे दाखवतो आणि तेथेच थांबतो.

जुलै २०२३ मध्ये मुलगा परत आला. पिशवी दाराशी ठेवून आधी टाकीशी गेला. कॉपरबँड काचेपर्यंत आला. मानेमागे भरलेला, पट्टे तुकतुकीत. मुलगा बराच वेळ बोलला नाही. आम्ही दोन कबुल्या तयार ठेवल्या होत्या. मँडरिनची आधी दिली. तो म्हणाला, "वहीत लिहिलं होतं, फादर." एवढेच. मग दुसरी दिली. की त्या रात्री त्याने काही खाल्ले नव्हते, आम्ही खोटे बोललो.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"कसं?"

"तुम्हीच फोटो पाठवलात ना. डोक्यामागे खळगा पडला होता. खाणाऱ्या माशाला तसा पडत नाही."

"मग तेव्हाच बोलला का नाहीस?"

तो टाकीचे झाकण सरकवीत होता. "मी रात्री अडीच वाजता हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं. तुम्ही ते लगेच पाहिलंत. म्हटलं, फादर जागे आहेत. जागा असलेल्या माणसाला आणखी काय सांगायचं?"

आम्हांला यावर काही सुचले नाही. तेवढ्यात मागच्या दाराशी टोपली उतरल्याचा आवाज झाला; मंगळवार होता. कोळीण मावशी आत आल्या, नेहमीप्रमाणे चार तिसऱ्या आमच्या हातावर ठेवल्या, आणि टाकीत कोपरापर्यंत हात घातलेल्या त्या तरुणाकडे पाहून म्हणाल्या, "हा कोण, फादर? जावयाचा बापूस का?"

मुलगा हसला. सुरी मागून घेऊन तिसरी उघडावयास बसला, आणि पहिल्याच तिसरीत स्वतःचा अंगठा कापून घेतला.